१९२ आणि ७६८: सांगोला मतदारसंघ खरंच कुणाचा गड होता का?

सांगोला म्हटलं की महाराष्ट्रात एकच नाव पुढे येतं, गणपतराव देशमुख, लोकांचे आबासाहेब. एकाच मतदारसंघातून अकरा वेळा आमदार, एकच पक्ष (शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप), एकच झेंडा. एसटीने मुंबईला जाणारा आमदार. त्यांच्या साधेपणाबद्दल इतकं लिहून आलं आहे की मतदारसंघाचा निवडणूक इतिहास म्हणून वेगळं काही पाहायचं राहूनच गेलं. ‘आबासाहेब उभे राहिले आणि निवडून आले,’ एवढ्यावर गोष्ट संपते.

निकालांचे आकडे मात्र वेगळंच सांगतात. १९९५ मध्ये हाच माणूस १९२ मतांनी हरला. २०१९ मध्ये त्यांचा नातू ७६८ मतांनी हरला. ज्याला आपण अभेद्य बालेकिल्ला म्हणतो, तिथे एवढ्या थोड्या मतांनी उलथापालथ होते, याचा अर्थ तो कधीच एकतर्फी नव्हता. दोन जवळपास सारख्या वजनाची पारडी होती. त्यातलं एक दर वेळी थोडं खाली झुकवण्यासाठी पाच-पाच वर्षं कष्ट करावे लागत होते. सांगोल्याचा अभ्यास करायचा तो या कष्टांचा, असं मला वाटतं.

जमीन आणि पाणी

सांगोला हा सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम कडेचा तालुका. एका बाजूला पंढरपूर आणि मंगळवेढा, दुसऱ्या बाजूला सांगली जिल्ह्यातले आटपाडी आणि जत, वरच्या अंगाला माळशिरस. पर्जन्यछायेचा मुलूख. माण नदी तालुक्यातून वाहते, पण वर्षाचे बरेच महिने तिचं पात्र कोरडंच असतं. सध्याच्या रचनेत संपूर्ण सांगोला तालुका आणि पंढरपूर तालुक्याचा काही भाग मिळून २५३ क्रमांकाचा हा मतदारसंघ होतो. २००८ च्या पुनर्रचनेपासून तो माढा लोकसभा मतदारसंघात आहे.

शेजारच्या माळशिरस-पंढरपूरकडे कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, कारखाने आले, आणि कारखान्यांबरोबर कारखान्यांचं राजकारण आलं. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची सत्ता ज्या यंत्रणेवर उभी राहिली, म्हणजे साखर कारखाना, जिल्हा बँक, दूध संघ, ती यंत्रणा सांगोल्यात तेवढी रुजलीच नाही. ऊस पिकवायला पाणी नव्हतं. त्यामुळे गाव मुठीत ठेवणारा साखरसम्राटही इथे सहजासहजी तयार झाला नाही. विरोधी पक्षाला जागा राहिली ती या कोरडेपणामुळे. हे कारण मी सगळ्यात वर ठेवतो. उमेदवाराचा साधेपणा त्यानंतर येतो.

पक्ष आटत गेला, सांगोला उरला

शेतकरी कामगार पक्षाचा जन्म १९४७-४८ चा. काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्यासारख्या मंडळींनी तो उभा केला, आणि १९५० च्या दाभाडी प्रबंधातून त्याची मार्क्सवादी वाट ठरली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत हा पक्ष पुढच्या फळीत होता. एकेकाळी राज्यातला प्रमुख विरोधी पक्ष हाच होता. १९६२ ते १९७२ या दहा वर्षांत विधानसभेतलं विरोधी पक्षनेतेपद शेकापच्या कृष्णराव धुळपांकडे होतं.

आता जागांचा उतार पाहा. १९६२ मध्ये १५, १९६७ मध्ये १९, १९७२ च्या काँग्रेस लाटेत ७. १९७८ ला १३, १९८० ला ९, १९८५ ला पुन्हा १३. तिथून घसरण सुरू झाली: १९९० ला ८, १९९५ ला ६, १९९९ ला ५, २००४ ला २. २००९ मध्ये ४ आणि २०१४ मध्ये ३. २०१९ मध्ये एकच जागा मिळाली आणि तीही सांगोल्याची नव्हती, नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याची. २०२४ मध्ये पुन्हा एकच, आणि ती सांगोल्याची.

हे आकडे सांगोल्याच्या निकालांशेजारी ठेवले की एक गोष्ट लक्षात येते. राज्यात पक्ष चढो वा पडो, सांगोल्याची जागा बहुतेक वेळा स्वतःच्या हिशोबाने चालली. २००४ मध्ये आख्ख्या राज्यातून शेकापचे दोनच आमदार आले, त्यातला एक सांगोल्याचा होता. याला अपवाद १९७२ चा. त्या वर्षी पक्ष सातवर आला आणि गणपतरावही पडले.

पहिली बारा वर्षं

गणपतराव मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. वकील झाले, सांगोल्यात आले आणि इथेच राहिले. १९६२ ला, म्हणजे महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत, ते निवडून आले. १९६७ ला पुन्हा आले. १९७२ मध्ये इंदिरा गांधींच्या लाटेत काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा जिंकल्या आणि सांगोलाही काँग्रेसकडे गेला.

त्यानंतर जे घडलं त्याचं वजन मोठं आहे. १९७२ चा दुष्काळ आला. सांगोला, आटपाडी, जत, माण या पट्ट्याने तो सगळ्यात जास्त सोसला. खडी फोडायची कामं, सुकडी, चारा छावण्या, हे शब्द आजही या भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात येतात. १९७४ ला सांगोल्यात पोटनिवडणूक झाली आणि गणपतराव परत आले. आमदारकी नसलेल्या त्या दोन वर्षांचं मोल फार आहे असं मी मानतो. दुष्काळी कामावरची मजुरी आणि जनावरांचा चारा या प्रश्नांवर जो माणूस सत्तेबाहेर राहून लोकांसोबत उभा राहतो, त्याच्याशी लोकांचं जुळणारं नातं प्रचारसभेत तयार होत नाही. रोजगार हमी ही पुढे महाराष्ट्राने कायद्याने दिलेली हमी ठरली, १९७७ च्या कायद्याने. १९९९ नंतर गणपतराव मंत्री झाले तेव्हा त्यांच्याकडे पणनबरोबर रोजगार हमीचं खातं होतं, हे मला योग्यच वाटतं.

१९७४ पासून १९९५ पर्यंत सलग एकवीस वर्षं जागा त्यांच्याकडे राहिली. १९७७-७८ मध्ये काही महिने ते विधानसभेचे विरोधी पक्षनेते होते. जुलै १९७८ मध्ये शरद पवारांचं पुरोगामी लोकशाही दलाचं सरकार आलं, त्यात मंत्री झाले. फेब्रुवारी १९८० मध्ये ते सरकार बरखास्त झालं. १९८०, १९८५, १९९० या तीन निवडणुका त्यांनी जिंकल्या.

१९९५: १९२ मतं

१९९५ हे महाराष्ट्राच्या राजकारणातलं उलटसुलट वर्ष. काँग्रेस ८० जागांवर आली, शिवसेना-भाजपचं सरकार आलं, पंचेचाळीस अपक्ष निवडून आले. राज्यभर काँग्रेसविरोधी वारं वाहत होतं. आणि सांगोल्यात काय झालं? काँग्रेसचे शहाजीबापू पाटील निवडून आले. तीन दशकं काँग्रेसशी लढणारा नेता नेमका काँग्रेस पडली त्या वर्षी काँग्रेसकडून हरला, १९२ मतांनी.

चिकमहूदचे शहाजीबापू तेव्हा तरुण होते, बोलण्यात रांगडे. गणपतरावांचं बोलणं संयमी, वकिली. पण १९२ मतांचा फरक भाषणाने स्पष्ट होत नाही. सांगोल्यात आबासाहेबांविरोधात असलेली मतं नेहमीच मोठी होती, फक्त ती अनेकदा वाटली जात. ती एका माणसामागे गोळा झाली की लढत समान होते. १९९५ ला हे पहिल्यांदा उघड झालं. चोवीस वर्षांनी पुन्हा तेच झालं, समोर पुन्हा तोच माणूस होता.

जातीचं गणित इथे सगळेच मांडतात, मलाही ते टाळायचं नाही. गणपतराव धनगर समाजाचे, आणि सांगोल्यात हा समाज मोठा आहे. पण नुसतं तेवढंच असतं तर १९७२ आणि १९९५ चे पराभव झालेच नसते. जात पाया देते, शेवटची दहा हजार मतं देत नाही. ती मतं माळी, मराठा, दलित, मुस्लिम वस्त्यांमधून आणि मुख्य म्हणजे गावोगावच्या शेकापच्या जुन्या कार्यकर्त्यांच्या शब्दावर येत होती.

१९९९ ला आबासाहेबांनी जागा परत घेतली. या वेळी पाच आमदारांसह शेकाप विलासराव देशमुखांच्या लोकशाही आघाडी सरकारात गेला. २००२ मध्ये पक्ष सरकारमधून बाहेर पडला आणि मंत्रिपदही गेलं.

विक्रम आणि त्यामागचा खरा आकडा

२०१४ च्या विजयानंतर ‘एकाच मतदारसंघातून सर्वाधिक वेळा निवडून येण्याचा देशातला विक्रम’ असं सर्रास लिहिलं गेलं. ते बरोबर नाही. केरळमधल्या पालामधून के. एम. मणी १९६५ ते २०१६ या काळात १३ वेळा निवडून आले, म्हणजे २०१४ मध्येही ते पुढेच होते. ओमन चंडी पुढे पुतुप्पळ्ळीतून १२ पर्यंत पोहोचले. एम. करुणानिधी वेगवेगळ्या मतदारसंघांतून १३ वेळा आमदार झाले. गणपतरावांचे ११ विजय (१९६२, १९६७, १९७४, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९, २०१४) महाराष्ट्रासाठी थोर आहेतच. त्यांना देशाचा विक्रम म्हणायची गरज नाही.

उलट या तुलनेतून त्यांचं खरं मोठेपण दिसतं. मणी वर्षानुवर्षं अर्थमंत्री होते, चंडी दोनदा मुख्यमंत्री झाले. गणपतरावांच्या अकरा कार्यकाळांची बेरीज साधारण ५१ वर्षं होते. त्यातली सत्तेतली वर्षं १९७८-८० ची दीड-पावणेदोन आणि १९९९-२००२ ची पावणेतीन, म्हणजे पाचसुद्धा नाहीत. उरलेली सगळी विरोधी बाकावर, नाहीतर एका छोट्या पक्षाच्या बाकावर. पाण्याची फाइल पुढे सरकवायला मंत्रालयात स्वतःचं खातं नसताना पंचेचाळीस वर्षं मतदाराने त्यांना पाठवत राहावं, ही भारतीय राजकारणात विरळ गोष्ट आहे.

मग काय होतं त्यांच्याकडे?

संस्था होत्या. सांगोल्यात कापूस पिकत नाही म्हटलं तरी चालेल, तरीही तिथे शेतकरी सहकारी सूतगिरणी चालली, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी गिरण्या बुडाल्या तेव्हाही चालत राहिली. महिलांची सूतगिरणीही उभी राहिली. सहकारी संस्था आजारी पडल्या की आमदारांची मतं आजारी पडतात, असं दक्षिण महाराष्ट्रात कितीतरी ठिकाणी पाहायला मिळतं. इथे संस्था स्वच्छ राहिल्या, हा माझ्या मते मतांचा सगळ्यात टिकाऊ ठेवा होता.

पाण्याचा लढा होता. १९९३ पासून क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि गणपतराव यांनी तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद चालवली, आटपाडीला. कृष्णेचं पाणी उपसा योजनांनी दुष्काळी पट्ट्याला मिळावं आणि त्याचं समान वाटप व्हावं, ही मागणी. टेंभू आणि म्हैसाळ या योजनांच्या मागे या रेट्याचा मोठा हात आहे. सांगोल्याच्या वाट्याला पाणी उशिरा आलं, तुकड्यातुकड्यांनी आलं, पण आलं. उजनीतून सांगोल्यासाठी दोन टीएमसी पाण्याच्या उपसा योजनेची मागणी याच काळातली. ती पुढच्या कित्येक निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराच्या भाषणात राहिली.

आणि डाळिंब होतं. कमी पाण्यावर येणारं पीक. ठिबक आलं तेव्हा सांगोल्याच्या माळरानावर डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहूनच पश्चिम बंगालमधल्या शालिमारला निघाली. डाळिंबाने तालुक्यात पैसा आणला, आणि त्याबरोबर एक नवा मतदारही तयार केला. बागायतदार झालेल्या, दर पाहणाऱ्या, मुंबई-पुण्याच्या व्यापाऱ्याशी बोलणाऱ्या या पिढीला १९७२ चा दुष्काळ ऐकूनच माहीत आहे. तेल्या आणि मर रोगाने बागा काढाव्या लागल्या तेव्हा त्यांच्या रागाला जुनं नातं पुरेसं नव्हतं. शेकापने हा बदल उशिरा ओळखला, असं माझं मत आहे.

२०१४ ते २०१९

२०१४ ला आबासाहेब नव्वदीच्या उंबरठ्यावर होते. देशात मोदी लाट, राज्यात चारही मोठे पक्ष वेगवेगळे लढलेले. गणपतरावांना ९४,३७४ मतं पडली, शिवसेनेकडून उभ्या असलेल्या शहाजीबापूंना ६९,१५०. २५,२२४ मतांनी विजय. बाकी महाराष्ट्र उलटसुलट होत असताना सांगोला शांत राहिला.

२०१९ मध्ये त्यांनी आपण उभे राहणार नसल्याचं सांगितलं, आणि खरी परीक्षा सुरू झाली. आधी दुसऱ्या एकाचं नाव पुढे आलं, कार्यकर्त्यांचा आग्रह झाला आणि अखेर नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले. घराणेशाहीला आयुष्यभर बाजूला ठेवलेल्या नेत्याच्या मतदारसंघात घरातलाच माणूस यावा यासाठी कार्यकर्त्यांनी हट्ट धरला. मला हे दुखतं, पण कार्यकर्त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. पन्नास वर्षांत त्यांना आबासाहेबांशिवाय दुसरं नाव मागावंच लागलं नव्हतं, आणि पक्षानेही दुसरं नाव घडवलं नव्हतं. दुसरी फळी न घडवणं ही या मतदारसंघातल्या शेकापची सगळ्यात मोठी चूक.

याच निवडणुकीत तिसरा गट निर्णायक ठरला. जवळ्याचे दीपकआबा साळुंखे-पाटील राष्ट्रवादीचे, माजी विधान परिषद सदस्य. राज्यात राष्ट्रवादी आणि शेकाप आघाडीत होते, पण तालुक्यात त्यांचं बळ शहाजीबापूंमागे गेलं. निकाल: शहाजीबापू पाटील (शिवसेना) ९९,४६४, डॉ. अनिकेत देशमुख (शेकाप) ९८,६९६. फरक ७६८. एक लाख अठ्ठ्याण्णव हजार मतांमध्ये ७६८.

दुसऱ्या बाजूने पाहिलं तर आबासाहेब स्वतः रिंगणात नसताना, उमेदवार नवखा असताना आणि तालुक्यातला दुसरा मोठा गट समोरच्या बाजूला गेलेला असताना शेकापला मिळालेली मतं २०१४ मधल्या आबासाहेबांच्या मतांपेक्षा चार हजारांनी जास्त होती. हरलेल्या निवडणुकीत पक्षाची मतं वाढली. हा तपशील बातम्यांत हरवून गेला, पण पुढच्या निकालाचं बीज त्यातच आहे.

३० जुलै २०२१ ला सोलापुरात गणपतरावांचं निधन झालं. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली आणि शहाजीबापू एकनाथ शिंदेंबरोबर गुवाहाटीला गेले. तिथून त्यांनी फोनवर म्हटलेलं ‘काय झाडी, काय डोंगर, काय हाटील’ सगळ्या महाराष्ट्राने ऐकलं आणि एका रात्रीत ते घराघरांत पोहोचले. सांगोल्यात मात्र त्यांना याहून जड प्रश्नाला तोंड द्यावं लागणार होतं. २०१९ ला त्यांच्यामागे उभे राहिलेले लोक या वेळी कुठे जाणार?

२०२४: लाटेविरुद्ध

त्या प्रश्नाचं उत्तर तिरंगी लढतीने दिलं. दीपकआबा साळुंखे ठाकरेंच्या शिवसेनेकडून उभे राहिले. महाविकास आघाडीत असूनही शेकापने आपला उमेदवार दिला, आबासाहेबांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख. दोन्ही सेना वेगळ्या, शेकाप वेगळा.

राज्यात महायुतीच्या तीन पक्षांनी मिळून २३० जागा जिंकल्या. भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. एवढ्या मोठ्या लाटेत महायुतीचे विद्यमान आमदार शहाजीबापू सांगोल्यात हरले. बाबासाहेब देशमुख १,१६,२५६, शहाजीबापू पाटील ९०,८७०. फरक २५,३८६. साळुंखे तिसऱ्या क्रमांकावर, साधारण पन्नास हजार मतांच्या आसपास.

२०१४ चा फरक २५,२२४ होता आणि २०२४ चा २५,३८६. आकडे जवळजवळ सारखे असल्यामुळे ‘सांगोल्याने आबासाहेबांचा वारसा परत दिला’ असं म्हणायचा मोह होतो. मला ते अर्धसत्य वाटतं. शहाजीबापू आणि साळुंखे यांची मतं मिळवली तर ती शेकापच्या मतांपेक्षा जास्त भरतात. २०१९ ला ही दोन्ही बळं एकत्र होती तेव्हा शेकाप ७६८ मतांनी हरला, २०२४ ला ती फुटली तेव्हा शेकाप पंचवीस हजारांनी जिंकला. १९९५ चाच धडा पुन्हा.

तरीही शेकापचं श्रेय कमी होत नाही. पाच वर्षांत त्यांची मतं सुमारे साडेसतरा हजारांनी वाढली. ज्या पक्षाचं राज्यात दुसरं एकही ठिकाण उरलं नाही, ज्याच्या मागे ना केंद्र ना राज्य, त्याची मतं एका तालुक्यात प्रत्येक निवडणुकीत वाढत आहेत. २०१४ ला ९४ हजार, २०१९ ला ९८ हजार, २०२४ ला १ लाख १६ हजार.

या वाढीच्या मागे गावोगावचे शेकापचे जुने कार्यकर्ते आहेत. ‘खटारा’ हे पक्षाचं जुनं चिन्ह आठवणारे, सभेला स्वतःची भाकरी बांधून येणारे, ज्यांची मुलं आता डाळिंबाच्या बागा सांभाळतात. आबासाहेबांना त्यांनी अकरा वेळा निवडून दिलं आणि दोनदा हरतानाही पाहिलं. नातवांपैकी एकाला त्यांनी हरताना पाहिलं, दुसऱ्याला जिंकवलं. आता विधानसभेत शेकापचा एकच आमदार आहे आणि सांगोल्याच्या पाण्याच्या योजनांची फाइल पुन्हा त्याच्याकडे आहे, सत्तेबाहेरच्या बाकावर.